बंद पडू द्यायचा न्हाई

न्हाई न्हाई, खाटंवर नको ठेवू ती पेटी — हितं ठेव, खाली, पोतं हातरलंय बघ तुज्यासाटी — खाटंवर आमी काय ठेवत न्हाई. बस. पानी पी आदी. पिरंगुटासनं गाडी मारत आलास, त्यात पौडाच्या म्होरं रस्ता तसला, हाडं खिळखिळी झाली आसतील. तर काय म्हनत व्हते मी — व्हय, वापरायचं. एकनाथनं, माज्या लेकानं, तुला फोनवर सांगितलं आसंल की आईनं टीव्ही वापरून वापरून खराब केलाय, बघा जमतंय का, न्हाईतर त्यो डबा उचला अन् त्या जागंला नवा चपटा टांगा. सांगितलं ना? वाटलंच मला. त्यो भुकूमला ऱ्हातो, नव्या बिल्डिंगीत. त्याच्या घरात भितीएवढा टीव्ही हाय अन् त्याच्यावर धूळ एवढी, की बोटानं नाव काढावं. त्यानं मला शिकवायचं! ह्यो टीव्ही कसा सांभाळलाय ते आदी ऐक, मंग खोल. खोल, खोल, तुजं काम कर, मी बोलते माझं — मला हितं बोलायला तरी कोन हाय.

ह्याला वल्लं फडकं कदी लागलेलं न्हाई. कदी म्हंजे कदी न्हाई. धोतराचा मऊ तुकडा, धुऊन वाळवलेला, अन् त्यो बी टीव्ही गार झाल्यावर — गरम काचंला हात लावायचा न्हाई. ईज चमकाया लागली का आदी बटन, मंग पिन वडायची, अन् मंग छपरावरच्या छत्रीची वायर — तीच लोकं इसरत्यात अन् मागनं बोंबलत बसत्यात. आमच्या वाडीला लाईट म्हंजे पाव्हनी, आली तर आली, अन् येती ती बी कदी मरतुकडी तर कदी अंगात आल्यावानी. म्हनून त्यो खोका बघ, लाईट सरळ करायचा, त्याच्याबिगर टीव्ही लावायचा न्हाई. रिमोटनं नुसता झोपवायचा न्हाई, उटून बटनापतूर जायचं. चूल म्या मागल्या पडवीत नेली, धूर नको म्हनून — पावसाळ्यात अंगावर शितोडं घेत भाकरी भाजते, पन ह्याला धूर न्हाई लागू दिला. अन् आमचा मुळशीचा पाऊस तुला काय सांगायचा! कापडाला बुरशी, पापडाला बुरशी, मानसाला तेवढी येयाची ऱ्हायली. म्हनून पावसाळ्यात रोज थोडा येळ लावायचाच, बघायचं नसलं तरी लावायचा, आतनं ऊबदार ऱ्हातो. आता तू म्हनशील, म्हातारे, तुला हे कुनी शिकवलं? मी आपली नाचनी लावनारी बाई, मला काय ठावं. आमच्या मालकांनी शिकवलं. शिकवलं म्हंजे काय — वरडून वरडून डोस्क्यात घातलं.

आमचं मालक म्हंजे — नाव घेते, तुला कळाया पायजे — बारकू. उभा जलम पिरंगुटात कंपनीत माल चढवला-उतरवला. कामावरनं मोकळं झाले तवा सायबांनी हार घातला, नारळ दिला अन् ह्यो टीव्ही दिला. बाकीच्यांना भितीवरचं घड्याळ, ह्येंना टीव्ही. का? तर कदी खाडा न्हाई. बसमदी शेजारच्या शिटावर बसवून आनला, म्हंत्यात कंडक्टरनं त्याचं बी तिकीट फाडलं. फाट्यापासनं वर डोक्यावर. कोंडिबा भावजी — ह्येंचे धाकटे भाऊ — धरू लागायला गेले, तर हात लावू दिला न्हाई. म्हनले, माझा हाय. आता ह्या मानसानं आयुष्यात दुसऱ्या कशाला माझा म्हनल्यालं मी तरी ऐकलं न्हाई. आज्याची जमीन धरनाच्या पान्यात गेली, बापानं दुसऱ्याच्या रानात ढेकळं फोडली, ह्येंनी दुसऱ्याची पोती उचलली. एकच ह्यो डबा काय त्यो सोताचा. म्हनून मी बी कदी बोलले न्हाई हां. म्हंजे बोलले. भांडले. पन मनातनं न्हाई.

कारन टीव्ही आला अन् मला सवत आली बघ! सांज झाली का ह्या खाटंवर बसायचं — गुडगं वर घिऊन, टावेल खांद्यावर — अन् नजर टीव्हीत. आमटीत मीठ न्हाई पडलं तरी कळायचं न्हाई. कुस्त्या बघायचं, बातम्या बघायचं, शेतीचं बघायचं, अन् शेत तर हाय पायपुसन्याएवढं. मी म्होरनं गेले तर म्हनायचं, सरक की, तू काय काच हायस व्हय? मी नवं लुगडं नेसले तरी तेच, मला ताप चढला तरी तेच. आता मारलं-झोडलं न्हाई कदी, प्यायलं न्हाई, दुसरीकडं बघितलं न्हाई — वाडीतल्या बाया म्हनायच्या तानुबाई, तू नशिबाची. व्हते की नशिबाची. पन माज्याकडं बी बघितलं न्हाई रं कदी त्या मानसानं. लगीन झालं तवा लाजत व्हते म्हनून, मंग कामानं दमायचं म्हनून, अन् मंग ह्यो डबा. जाऊ दे. तू मागचं झाकन काढ. हळू, खाचा मोडतील.

गेल्या माघात गेले. हितंच, ह्या खाटंवर. कुस्ती लागली व्हती. मी पडवीत व्हते, मला वाटलं हूं म्हनले — त्येंची सवय व्हती, आवडता गडी जिंकला का हूं म्हनायची — अन् मी च्या घिऊन आले तर मान भितीला टेकल्याली. डोळं टीव्हीकडंच. तितं कुस्ती चालू, मानसं टाळ्या पिटत्यात, अन् हितं हे आसं. मी आदी काय केलं सांगू? आदी टीव्ही बंद केला. बटनापतूर जाऊन. मंग हंबरडा फोडला.

मंग दहावा. नदीवर गेलो, सगळं भावकीतलं, वाडीतलं. पिंड ठेवला, बाजूला भाकर, कांदा, एक बिडी — आता मेल्या मानसाला बिडी कशाला, पन आवडीचं ठेवायचं आसतं. अन् कावळा येईना. जांभळीवर बसलेत की, ढिगानं बसलेत, पन खाली उतराया एक तयार न्हाई. म्हंजे जीव कशात तरी आडकलाय, तुला ठाव आसंल. मंग एकेकानं शब्द द्यायचा. एकनाथनं हात जोडलं — दादा, आईला अंतर देनार न्हाई, भुकूमला नेतो, नीट बघतो. कावळ्यानं चोच पुसली फांदीला. सून म्हनली, नातवंडांना शिकवून मोटं करू. काय न्हाई. मंग कोंडिबा भावजी म्होरं झाले, घाम फुटलेला, म्हनले दादा, बांध सरकावला तेवढा मी मागं घेतो — आमी सगळी त्येंच्या तोंडाकडं बघाया लागलो, आमाला ठावंच नव्हतं बांध सरकावलाय! तरी बी काय न्हाई. ऊन डोक्यावर आलं. बामन म्हनले आता दर्भाचा कावळा करू अन् उरकू. तवा मला काय झालं, मी पदर खवला अन् पिंडाजवळ गेले. म्हनले, आवो, तुमचा टीव्ही मी सांभाळीन. बंद पडू द्यायची न्हाई. तुमची जागा तशीच ऱ्हाईल अन् तुमचा टीव्ही चालू ऱ्हाईल. आसं म्हनायला अन् कावळा खाली यायला एकच गाठ पडली. त्यानं पिंडावर अशी चोच मारली, अशी मारली, म्हनशील उपाशी व्हता.

काहीजन रडले. काही हसले बी, तोंडावर टावेल धरून, मी बघितलं. हसा. मला बी दुसरा कुनी आसता तर हसू आलं आसतं. पन मी जी रडले ती ते गेल्याचं रडले न्हाई. बायकोचं काय हुईल ह्यात जीव न्हाई आडकला, लेकात न्हाई, नातवंडात न्हाई — आडकला कशात, तर डब्यात! सगळ्या भावकीम्होरं. लई लागलं मला ते. अजून लागतंय. पन शब्द त्यो शब्द. नदीवर दिलेला, पिंडाम्होरं दिलेला, त्यो मागं घेता येत न्हाई. रोज सांजंला लावायची. मी बघायची न्हाई, मी माझं तांदूळ निवडायची हितं खाली बसून, पाठ फिरवून. टीव्ही चालू, खाट मोकळी. मला वाटायचं चला, बघत आसतील. घरात कुनी तरी हाय आसं वाटायचं, अन् भ्या बी वाटायचं न्हाई.

काय म्हनलास? भोकं? कसली भोकं — ही मागली? हवा जायाची? टीव्हीला हवा लागती? आरं मी तर ती गोधडी — ती बघ, कोपऱ्यात, त्येंच्या धोतराची अन् माज्या लुगड्याची शिवली मी, खास ह्याच्यासाटी — पावसाळ्यात दमट लागू नये म्हनून मागनं अशी घट्ट गुंडाळून ठेवायची. चालू आसताना बी. म्हंजे आतल्या आत तापून... म्हंजे मायेनंच गुदमारला म्हन की. आगं बाई. बरं. बरं, तू कर काम.

तर दिवाळीच्या आदी बंद पडला. फट्ट झालं, वास सुटला, अन् गप. शब्द मोडला ना! रातभर जप केला. दुसऱ्या दिशी सांजंला दार सताड उगडं व्हतं, दिस त्या समोरच्या डोंगराआड चालला का उजेड आडवा आत येतो, थेट खाटंपतूर — तवा मी काच पुसाया बसले. बंद पडला म्हनून काय झालं, पुसायचा तर. पुसता पुसता काचंत ही खोली दिसाया लागली. जुन्या चुलीची काळी भित, दार, खाट. अन् खाटंवर — तू हात थांबवू नको, काम कर — खाटंवर बसलेलं. गुडगं वर घिऊन, टावेल खांद्यावर. मी गर्रकन मागं बघितलं. खाट मोकळी. म्होरं बघितलं. हायेत.

पळाले मी. आनवानी पळाले भावजींच्या घरी, तितंच झोपले. देवरुशाला इचारलं, त्यानं अंगारा दिला अन् म्हनला, बाई, मानूस शब्दाला आडकलाय, शब्द पुरा कर, जाईल मोकळा. झालं, सोपं व्हतं की! मिस्तरी आनायचा, टीव्ही चालू करायचा. दोन दिसांनी घरी आले, अंगारा फासला चौकटीला, अन् म्हनलं एकदा बघावं, गेले का हायेत. उजेड आडवा आला. हायेत. म्हनलं बघा, मेल्यावर बी सुटंना ह्येंचा टीव्ही, काळी काच बघत बसलेत! लई राग आला. अन् मंग माज्या ध्यानात आलं. काच काळी हाय, तिच्यात बघायला काय हाय? मी हाय. काचंम्होरं मी बसलेली, काचंत माझं तोंड. ते टीव्ही बघत न्हाईत. ते माज्याकडं बघत्यात.

आता कसं सांगू तुला. मी हलले का त्येंची नजर हलायची. मी पदर सारखा केला तरी बघायचं. मी बोलाया लागले मंग — आज भात झाला कापून, भावजींनी बांध मागं घेतला बरं का, एकनाथच्या धाकटीला दात आलं. ऐकायचं. बोलायचं न्हाई, पन ऐकायचं, मला कळायचं. म्हातारपनी मी सांजंला केस इंचरून, तोंड धुऊन बसाया लागले, लाज वाटती सांगायला. अन् एकनाथ फोनवर इचारायचा, आई, मिस्तरी पाठवू का — मी म्हनायची नको, रस्ता खचलाय. परत इचारायचा — मी म्हनायची नको, मला डोळ्याला तरास हुतो. भ्या वाटायचं का? वाटायचं की! पाठीमागं मेलेला मानूस बसलाय म्हनल्यावर मानंवर काटा येतोच, आता बी आलाय, हे बघ हात. पन भ्या वाटलं म्हनून काय उटून जायचं? घरात आल्यालं मानूस हाय ते.

पन आताशा त्येंचं काय खरं न्हाई. पुसट झालेत. खाटंच्या कडंला येऊन बसत्यात, पाय खाली सोडून, फाट्यावर बसची वाट बघावी तसं. हातानं खाटंवर चाचपत्यात, रिमोट सापडंना तसं. परवा त्येंनी डोळं मिटलं व्हतं अन् तोंड आसं केविलवानं, मला माजीच लाज वाटली. कुनाला आसं बांधून ठेवू नये रं. जित्तेपनी मी म्हनायची, माज्याकडं बघा, माज्याकडं बघा — आता बघत्यात, तर त्यास्नी जाऊ देत न्हाई मी. वर्सश्राद्ध तोंडावर आलंय. वर्स पलटलं अन् शब्द तसाच ऱ्हायला, तर मंग मानूस कायमचा हितंच चाचपत बसायचा. म्हनून मीच फोन केला लेकाला. म्हनले, पाठव तुजा मिस्तरी. पन खरं सांगू का? तू डोंगर चढून येईपतूर देवाला म्हनत व्हते, ह्याचं सामान मिळत न्हाई आसं म्हनू दे त्याला. आता कोन ठेवतं ह्या डब्यांचं सामान? तू तसं म्हनला आसतास ना, तर तुला कोंबडी कापून घातली आसती. माजा इलाज नव्हता मंग. माज्याकडनं झालं नसतं, देवाला कळलं आसतं.

झाला? इतक्यात? झाकन बी लावलंस? नीट बघ की अजून, काय ऱ्हायलं आसंल... न्हाई? बरं.

थांब, पिन नको लावू. जरा थांब. उजेड कसाय बघ, आडवा आलाय ना? तू आसा बाजूला सरक, काचंत तुजंच डोस्कं दिसतंय. आजून. हां. मला हितं बसू दे म्होरं.

हायेत. आवो, ऐकलं का — मिस्तरी आलाय. टीव्ही केलाय त्यानं. मी शब्द दिला व्हता, उशीर झाला, पन पाळला. मला बोल लावू नका. उभ्या जलमाचं बघून घेतलंत माज्याकडं, मी बी घेतलं बघून, पोट भरलं — न्हाई, भरलं न्हाई, कशाला खोटं बोलू, आत्ता कुटं सुरवात झाली व्हती. पन तुमी जा. थंडी हाय, टावेल घट्ट घ्या. माज्याकडं आसं नका बघू, मंग मला जा म्हनवायचं न्हाई. जा.

लाव रं बाबा पिन.

आला — आवाज आला. ह्याला आसंच लागतं, आदी आवाज, चित्र मागनं, आतनं तापूस्तवर. काच काळीच हाय अजून. हायेत अजून. उटले. खाटंवरनं उटले बघ, कड धरून — आवो, दार तिकडं न्हाई, हिकडं, हिकडं उजेडाला — माज्याकडं तोंड हाय, काय तरी म्हंत्यात, काय म्हंत्यात रं, त्या टीव्हीतली मानसं बोलत्यात त्यात ऐकू येईना —

बाई आली कोन तरी. साबनाची.

चांगलं दिसतंय. रंग चांगलाय. हिरवं जरा जास्त हाय, पन चालंल.

न्हाई, मी मागं कशाला बघू. मागं खाट हाय नुसती. तू पेटी उचल आता, दिस बुडायच्या आत फाट्याला लाग. एकनाथला सांग, चालू झाला, चपटा नको म्हनावं. अन् जाता जाता त्यो आवाज वाढव. आजून. आजून वाढव रं — अन् दार वडून घे, जा.